शिशात विरघळणारं पोलाद

अणुसंमीलनाची, म्हणजे फ्युजनची बातमी आली की तिच्यात हटकून एक आकडा असतो. पंधरा कोटी अंश सेल्सियस. सूर्याच्या गाभ्यापेक्षा दहापट उष्ण. हा आकडा वाचला की वाचणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि बातमीचं काम होतं. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने लेसरच्या माऱ्याने इंधनाची गोळी पेटवली आणि आत शिरलेल्या लेसरच्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा गोळीतून बाहेर पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कादाराश इथे ‘वेस्ट’ नावाच्या यंत्राने तप्त प्लाझ्मा सलग २२ मिनिटं चुंबकांच्या पकडीत धरून ठेवला. दोन्ही गोष्टी खरोखरच मोठ्या आहेत. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं.

मी मात्र धातुशास्त्राचा माणूस. अशी बातमी वाचली की माझं लक्ष त्या यंत्राच्या भिंतीकडे जातं. स्वयंपाक किती रुचकर झाला हे सगळे सांगतात, भांड्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही, तसंच काहीसं. म्हणून आज मी तुम्हाला पंधरा कोटी अंशांबद्दल सांगणार नाही. मला बोलायचं आहे ते पाचशे अंशांबद्दल. लोहाराच्या भट्टीला हे तापमान किरकोळ वाटेल. पण संमीलनातून वीज किती स्वस्त मिळणार आणि मुळात मिळणार की नाही, याचा बराचसा निकाल या पाचशे अंशांत लागणार आहे.

आधी ही भिंत कशासाठी, ते पाहू. संमीलनासाठी सर्वांत सोयीचं इंधन म्हणजे हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. दोघं एकत्र आली की हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात हवा तेवढा आहे. ट्रिटियमची गोष्ट वेगळी. तो किरणोत्सारी आहे, सव्वाबारा वर्षांत निम्मा उरतो, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा असा राहतच नाही. एक हजार मेगावॉट संमीलन-शक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालवली तर ती सुमारे ५५ किलो ट्रिटियम जाळील. आणि नागरी वापरासाठी जगभरात मिळून आहे तो साधारण पंचवीस-तीस किलो! म्हणजे या भट्टीला आपलं इंधन आपणच पिकवावं लागणार.

ते पिकतं लिथियममध्ये. बाहेर पडलेला न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होतो. म्हणून प्लाझ्माच्या सभोवती लिथियमचं एक जाड आवरण असावं लागतं. तज्ज्ञ त्याला ब्लँकेट म्हणतात, आपण गोधडी म्हणू. या गोधडीची कामं तीन. ट्रिटियम पिकवायचा, न्यूट्रॉनची ऊर्जा उष्णतेच्या रूपात गोळा करायची आणि बाहेरच्या चुंबकांना झळ लागू द्यायची नाही. पण एका न्यूट्रॉनपासून ट्रिटियमचा एकच अणू मिळाला तर हिशोब तोट्यात जातो, कारण काही न्यूट्रॉन इकडेतिकडे वाया जाणारच. इथे शिसं मदतीला येतं. वेगवान न्यूट्रॉन शिशाच्या अणूवर आदळला की बऱ्याचदा एकाचे दोन होऊन बाहेर पडतात. म्हणून शिसं आणि लिथियम यांचा मिश्रधातू वापरायची कल्पना पुढे आली. त्यात शंभर अणूंमागे सुमारे चौऱ्याऐंशी अणू शिशाचे आणि सोळा लिथियमचे. लिथियम इतका हलका, की वजनाने तो एक टक्काही भरत नाही. हा मिश्रधातू २३५ अंशांच्या आसपास वितळतो. मग तो पोलादी नळ्यांतून पाण्यासारखा खेळवता येतो, उष्णता बाहेर आणता येते, ट्रिटियम काढून घेता येतो आणि तो पुन्हा आत सोडता येतो. कागदावर इतकी सुटसुटीत योजना क्वचितच पाहायला मिळते.

अडचण एवढीच, की हा द्रव पोलाद खातो.

‘खातो’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गंज येतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की होणारी ती रासायनिक क्रिया. इथे तसं काही नसतं. घरातला दाखला घ्यायचा तर पाऱ्याचा घ्या. ताप मोजायची काचेची नळी फुटली की घरातली वडीलधारी बाई आधी ओरडायची, ‘बांगड्या काढून ठेवा!’ सोनं वर्षानुवर्षं गंजत नाही, आम्लांना दाद देत नाही, पण पाऱ्याचा एक थेंब लागला की पांढरं पडतं. कारण सोनं पाऱ्यात विरघळतं, साखर पाण्यात विरघळावी तसं. द्रवरूप धातूचा हल्ला हा बहुतेक वेळा असा असतो. घन धातूचे अणू एकेक करून भिंत सोडतात आणि द्रवात उतरतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नचं तांब्याचं टोक पाहिलंय? महिन्या-दोन महिन्यांत त्याला खड्डा पडतो आणि ते कानशीने घासावं लागतं. ते तांबं वितळलेल्या कथिलात विरघळून गेलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, की विरघळून विरघळून लोखंड विरघळणार किती? प्रश्न रास्त आहे. शिसं-लिथियममध्ये लोखंड फारच कमी विरघळतं, दहा लाख भागांत जेमतेम काही भाग. एका बंद पोलादी डबीत हा द्रव भरून डबी भट्टीत ठेवून दिली तर थोड्या वेळात द्रव लोखंडाने संपृक्त होईल आणि हल्ला थांबेल. डबी उघडून पाहणारा म्हणेल, काहीच झालं नाही. अशा डब्यांच्या प्रयोगांवर विसंबून चालत नाही, ते याच कारणाने.

भट्टीत द्रव एका जागी बसत नाही, फिरतो. आणि फिरताना गरम भागातून थंड भागात आणि थंड भागातून परत गरम भागात जातो. खडीसाखर कशी बनते ते आठवा. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते, पाक निवत गेला की ती जास्तीची साखर मावत नाही आणि टांगलेल्या दोऱ्यावर खड्यांच्या रूपाने बसते. पोलादाच्या नळ्यांत नेमकं तेच होतं. पाचशे अंशांच्या भागात द्रव थोडं लोखंड उचलतो. पुढे उष्णता देऊन तो निवला की ते लोखंड त्याला पेलत नाही, तिथेच बारीक स्फटिकांच्या रूपाने सोडून देतो. आणि मोकळ्या हाताने, पुन्हा भुकेला होऊन गरम भागात परततो. प्रत्येक फेरीत एक चिमूट. फेऱ्या मात्र हजारो. पूर्ण कधीच न भरणाऱ्या या चिमटीमुळे थोडंसं विरघळणंही महाग पडतं.

किती महाग, ते जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या संशोधकांनी मोजलं. त्यांच्याकडे ‘पिकोलो’ नावाचं एक वळसेदार यंत्र होतं. एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थंड, मधून शिसं-लिथियम फिरतं आहे. गरम बाजूला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोलादी कांड्या टांगायच्या, हजारो तास ठेवायच्या, मग बाहेर काढून व्यास मोजायचा. पोलाद होतं युरोफर, खास संमीलन-भट्ट्यांसाठी युरोपने बनवलेलं. प्रवाहाचा वेग सेकंदाला २२ सेंटिमीटर, म्हणजे संथ ओढ्याइतका. ४८० अंशांना वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झीज आढळली. तापमान ५५० अंशांवर नेलं तर तीच झीज वर्षाला ०.४ मिलिमीटरच्या घरात गेली. सत्तर अंश वाढले आणि झीज चौपट!

०.१ मिलिमीटर म्हणजे कागदाच्या एका पानाची जाडी. त्याची काय भीती? एक हिशोब करू. समजा, गरम पोलादाचा एकूण पृष्ठभाग एक हजार चौरस मीटर आहे. खऱ्या भट्टीसाठी हे अतिशयोक्त नाही. त्यावरून वर्षाला कागदाएवढा थर गेला तर शंभर लिटर पोलाद गेलं, वजनाने सुमारे ७८० किलो. हे पाऊण टनाहून अधिक पोलाद हरवत नाही. ते पुढे जाऊन नेमकं थंड नळ्यांत, उष्णता काढून घेणाऱ्या अरुंद मार्गांत, झडपांच्या बोच्यांत बसतं. कार्ल्सरूहेच्या यंत्रातही ५५० अंशांना थंड बाजूची नळी या गाळाने चोंदण्याचा अनुभव आला. माझ्या मते खरा धोका भिंत पातळ होण्यापेक्षा इथे जास्त आहे. भिंत दोन मिलिमीटर जाड करता येते, चोंदलेल्या नळीचं काय करणार? त्यात हे लोखंड न्यूट्रॉनचा मारा खाऊन किरणोत्सारी झालेलं असतं. म्हणजे भट्टीच्या पोटातली किरणोत्सारी धूळ बाहेरच्या पंपांपर्यंत पोचते, आणि तिथे दुरुस्तीला माणूस जायचा असतो.

याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार बोलकी वाटते. सुरुवातीला बराच काळ, कधीकधी हजार तासांहूनही अधिक, पोलादाला काहीच होत नाही. मग अचानक झीज सुरू होते आणि पुढे एकसारखी चालू राहते. याचं उत्तर आपल्या जुन्या कल्हईवाल्याला ठाऊक होतं. पातेलं तापवून नुसतं कथील टाकलं तर ते पाण्याच्या थेंबासारखं इकडून तिकडे पळतं. तांब्यावर ऑक्साइडची अदृश्य साय असते, ती कथिलाला चिकटू देत नाही. म्हणून तो आधी नवसागर मारतो, साय जाते आणि मग कथील क्षणात पसरतं. पोलादावरही अशीच साय असते आणि ती असेपर्यंत पोलाद सुरक्षित असतं. पण लिथियम हा ऑक्सिजनचा मोठा हावरट. तो लोखंडाच्या आणि क्रोमियमच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजनही ओढून घेतो. म्हणजे या द्रवात नवसागर आधीपासूनच मिसळलेला आहे म्हणा ना. फरक इतकाच, की तो सावकाश काम करतो. बावीस मिनिटांच्या विक्रमात किंवा बावीस तासांच्याही विक्रमात हा प्रश्न दिसणारच नाही. तो दोन-तीन महिन्यांनी दिसेल.

पोलाद म्हणजे सगळं सारखं नसतं, हेही सांगायला हवं. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांत क्रोमियमबरोबर निकेल असतं. पाण्यापुढे निकेल उपयोगी, पण वितळलेल्या शिशाला ते फार प्रिय. शिसं-लिथियम अशा स्टीलमधून निकेल वेचून वेचून नेतं आणि मागे राहतो तो स्पंजासारखा सच्छिद्र थर. म्हणून संमीलनासाठी वेगळं पोलाद बनवावं लागलं. निकेल नाही, क्रोमियम आठ-नऊ टक्के, मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन, नायोबियमच्या जागी टँटलम. ही अदलाबदल मुळात किरणोत्सार लवकर ओसरावा म्हणून केली होती, निकेल गेल्याने झीजही आटोक्यात आली. युरोपचं युरोफर, जपानचं एफ८२एच आणि आपलं भारतीय पोलाद ही एकाच घराण्यातली. आपलं पोलाद कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादचा मिश्र धातु निगम यांच्या सहकार्यातून तयार झालं. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्यावर शिसं-लिथियमच्या झिजेचे प्रयोग झाले. भारत २००५ साली ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सामील झाला, आणि त्यात तपासण्यासाठी आपण जी गोधडी सुचवली होती, तिच्यात शिसं-लिथियमच वाहणार होतं.

हा प्रश्न संमीलनानेच पहिल्यांदा निर्माण केला असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम एमेट यांनी पाण्याऐवजी पाऱ्याची वाफ करून टर्बाइन फिरवणारी वीजकेंद्रं उभारली. तिथेही तप्त पारा पोलादी नळ्यांतलं लोखंड उचलून दुसरीकडे टाकू लागला. उपाय सापडला तो अगदी स्वयंपाकघरी, चिमूटभर टायटॅनियम आणि मॅग्नेशियम! पाऱ्यात ही दोन अगदी अल्प प्रमाणात मिसळली की नळ्यांवर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि झीज मंदावते.

दुसरा धडा फार कठोर होता. सोव्हिएत रशियाने शिसं आणि बिस्मथ यांच्या द्रवावर चालणाऱ्या अणुभट्ट्या पाणबुड्यांत बसवल्या. त्यांतली पहिली के-२७ ही १९६३ मध्ये नौदलात आली. मे १९६८ मध्ये द्रवात साठलेल्या ऑक्साइडच्या मळीने भट्टीचे काही मार्ग चोंदले, गाभ्याचा एक भाग थंड होईना, आणि किरणोत्साराने नऊ नौसैनिकांचे प्राण गेले. त्यानंतर तिथल्या तज्ज्ञांनी द्रवातला ऑक्सिजन काटेकोरपणे सांभाळायचं तंत्र बसवलं. जास्त झाला तर मळी होते, कमी पडला तर पोलादावरची साय जाते. दहा कोटी भागांत काही थोडे भाग, एवढ्या अरुंद पट्ट्यात तो राखायचा. हे तंत्र शिसं-बिस्मथसाठी उत्तम चालतं. आमच्या शिसं-लिथियमला ते लागू पडत नाही, कारण टाकलेला ऑक्सिजन लिथियमच गट्ट करतो. विज्ञानात उसना उपाय असा ऐन वेळी तोंडघशी पाडतो.

आणि संमीलनाच्या भट्टीत आणखी एक पात्र आहे जे पाणबुडीत नव्हतं. चुंबक. तांब्याच्या नळीतून लोहचुंबक सोडला तर तो पिसासारखा हळूहळू खाली येतो, हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. चुंबकक्षेत्रातून धातू हलला की त्यात वीजप्रवाह उठतो आणि तो हालचालीला विरोध करतो. इथे हलणारा धातू म्हणजे पाण्याच्या साडेनऊपट जड द्रव, आणि इटरच्या प्लाझ्माच्या मध्यभागी चुंबकक्षेत्र ५.३ टेस्ला. द्रव ढकलायला पंपाचा दम निघतोच, शिवाय नळीतल्या प्रवाहाची ठेवणच बदलते. कुठे तो मंदावतो, कुठे भिंतीलगत पातळ झोताने पळतो. लाटव्हियात सालास्पिल्स इथल्या भौतिकशास्त्र संस्थेत १.७ टेस्लाच्या क्षेत्रात युरोफरच्या पट्ट्या ५५० अंशांना ठेवल्या, तेव्हा झीज चुंबकाबाहेरच्या पट्ट्यांपेक्षा दीडपट-दुपटीपर्यंत गेली. आणि पृष्ठभागावर प्रवाहाच्या दिशेने चरे पडले, नांगरलेल्या शेतासारखे. नुसत्या तापमानाची कोष्टकं पाहून भिंतीचं आयुष्य सांगणाऱ्यांनी हे चरे एकदा पाहावेत.

मग करायचं काय? एक मार्ग मुलामा देण्याचा. लिथियमपुढे लोखंडाचा ऑक्साइड टिकत नाही, पण अ‍ॅल्युमिनियमचा टिकतो. सावकाश त्याचं लिथियम-अ‍ॅल्युमिनेट होतं, पण तो थर पुष्कळ काळ तग धरतो. म्हणून पोलादाच्या आतल्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा हात देऊन त्याचं ऑक्साइड करायचं. कार्ल्सरूहेला हे विजेच्या मुलाम्याने केलं, इटलीत मिलानला लेसरच्या साहाय्याने थेट ऑक्साइडचा थर चढवून. आपल्याकडे वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलाद बुडवून काढण्याची पद्धत अभ्यासली गेली, पत्र्याला जस्त चढवतात तशीच. अमेरिकेत ओक रिजला याहून वेगळा विचार झाला. ज्या मिश्रधातूत अ‍ॅल्युमिनियम अंगचंच आहे त्याच्याच नळ्या करून त्यांत ७०० अंशांपर्यंत शिसं-लिथियम फिरवलं गेलं. अशा थराचे फायदे तीन. झीज अडते, नळीच्या भिंतीतून पाझरून पळणारा ट्रिटियम अडतो, आणि थर वीजरोधक असल्याने चुंबकाचा विरोधही कमी होतो. एका दगडात तीन पक्षी म्हणायला हरकत नाही. पण हा थर काही मायक्रॉनचा आणि ठिसूळ. भट्टी तापते-निवते तसं खालचं पोलाद अधिक पसरतं. एक बारीक तडा गेला, की द्रव नेमका तिथूनच आत शिरतो.

दुसरा मार्ग माघारीचा, आणि मला तो मुळीच कमीपणाचा वाटत नाही. युरोपच्या पुढच्या भट्टीसाठी जे आराखडे आहेत, त्यांतल्या एकात शिसं-लिथियम फक्त ट्रिटियम पिकवतो, उष्णता वाहून नेण्याचं काम पाण्याकडे दिलं आहे. पाणी २९५ अंशांना आत जातं, ३२८ अंशांना बाहेर पडतं, आजच्या नेहमीच्या अणुवीज केंद्रांत असतं तसंच. या तापमानाला द्रव पोलादाला फारसा हात लावत नाही. पण याची किंमत मोजावी लागते. कमी तापमानाच्या उष्णतेपासून वीज कमी मिळते. पाचशे-साडेपाचशे अंशांवर जाता आलं असतं तर त्याच उष्णतेतून कितीतरी जास्त युनिट निघाली असती. प्लाझ्मा पंधरा कोटी अंशांचा असो की वीस कोटींचा, विजेचं बिल मात्र नळीचं पोलाद ठरवतं, ते असं.

एक प्रश्न मात्र या सगळ्या प्रयोगांच्या बाहेरच राहिला आहे. कार्ल्सरूहे असो, सालास्पिल्स असो की ट्रॉम्बे, तिथल्या कांड्यांवर संमीलनाच्या वेगवान न्यूट्रॉनचा मारा होत नव्हता. तो मारा पोलादातले अणू जागचे हलवतो, आत हेलियमचे बुडबुडे करतो. त्याची चाचणी करण्यासाठी स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ डोनेस नावाचं केंद्र उभारलं जात आहे. तिथे ड्यूटेरियमचा झोत २५ मिलिमीटर जाडीच्या एका पडद्यावर आदळेल आणि त्यातून न्यूट्रॉन निघतील. तो पडदा आहे द्रवरूप लिथियमचा, सेकंदाला १५ मीटर वेगाने खाली कोसळणारा. आणि तो फिरणार पोलादाच्याच नळ्यांतून. लिथियममध्ये थोडा जरी नायट्रोजन मिसळला तरी तो पोलादातल्या क्रोमियमला लागतो, म्हणून त्या वळशात नायट्रोजन पकडायला तप्त टायटॅनियमचा सापळा लागतो.